बाई उतरणार नाहीत

माणूस मातीतून येतो आणि मातीत जातो; मधल्या काळात त्याच्या हातून जे काही बरं घडतं ते डोक्यामुळेच, असं मोहियोद्दीन म्हणाला, तेव्हा समोर बसलेल्या दानीएल सरांनी मान डोलावली. चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला हे पटण्यासारखंच होतं. मग मोहियोद्दीनने टेबलावरच्या ॲल्युमिनियमच्या काळपट ठोकळ्यावर बोट ठेवलं.

"हे तुमच्या गाडीचं डोकं. लई मठ्ठ हाय."

मोहियोद्दीनच्या सावेडीतल्या गॅरेजात फक्त हेडचं काम चाले. हेड म्हणजे मोटारसायकलच्या इंजिनाचा माथा; पेट्रोल मिसळलेली हवा तिथूनच आत जाते आणि धूर तिथूनच बाहेर पडतो. पाटीवर जागा कमी पडल्यामुळे पेंटरने 'हेड स्पेशालिस्ट' एवढंच लिहिलं होतं. अर्धशिशीचा एक पेशंट एकदा पाऊण तास बाकावर बसून गेला होता.

"पिकअप पायजे का ॲव्हरेज?" मोहियोद्दीनने विचारलं.

"मला काही नको. स्टेलाला चढावर उतरावं लागतं," सर म्हणाले.

सरांची सासुरवाडी पारनेरकडच्या एका टेकाडावरच्या वाडीत. दर रविवारी तिथल्या चर्चमध्ये दोघं उपासनेला जात. शेवटच्या चढावर गाडी धापा टाकू लागली की स्टेलाबाई उतरत, सर एकटे वर जात आणि बाई मागून चालत येत.

"लोक म्हणतात, सर आले, आता घटकाभरानं बाई येतील. तिच्या माहेरचे लोक. येत्या रविवारी उतरावं लागलं, तर पुन्हा या गाडीवर बसणार नाही म्हणाली आहे."

"रागात म्हनल्या आसतील."

"अठ्ठ्याण्णव साली रागात म्हणाली, तुमच्या बहिणीकडे जेवणार नाही. अजून जेवलेली नाही."

मोहियोद्दीनने हेड उजेडात धरून आत पाहिलं. "सर, मोहियोद्दीननं हात लावलेलं हेड आजवर वापस आलं न्हाई. बाई उतरनार न्हाईत. उतरल्या तर मी उद्यापासून पंक्चर काढीत बसंन."

हेडवाल्याने पंक्चर काढणं म्हणजे कीर्तनकाराने बँड वाजवणं. सर निर्धास्त घरी गेले.

दोन दिवस मोहियोद्दीनने त्या हेडवर जीव ओतला. आतल्या वाटेवरचा ओतकामाचा खडबडीतपणा बोटाला पॉलिश पेपर गुंडाळून उतरवला. वाट मोठी मात्र केली नाही. "भोक मोठं करनारे शर्यतीचे. रस्त्याच्या गाडीला वाट साफ लागती, रुंद न्हाई," हे त्याचं तत्त्व होतं आणि ते बरोबरही होतं. व्हॉल्व्ह, म्हणजे त्या वाटेवरच्या झडपा, इतके नेमके बसवले की वर पेट्रोल ओतून चहा पिऊन आला तरी थेंब खाली उतरला नव्हता. शेवटी लेथवर हेडचा तळ केसभर घासून घेतला, म्हणजे इंजिनात दाब वाढावा. सावेडीच्या सपाट रस्त्यावर त्याने ट्रायल घेतली. गाडी अशी पळाली की उतरल्यावर त्याने स्वतःच तिच्या टाकीवर थाप मारली.

रविवारी तो आपल्या गाडीवरून मागोमाग गेला. कोणी बोलावलं नव्हतं. पण सर्जनलाही पेशंट चालताना पाहावासा वाटतो.

चढ लागला. पहिलं वळण सरांच्या गाडीने झोकात घेतलं. दुसऱ्या वळणावर इंजिन घुमायला लागलं, मग आतून कोणी दार ठोठावल्यासारखा आवाज यायला लागला, आणि गाडी थरथरली. स्टेलाबाईंनी सवयीने पदर खोचला आणि त्या उतरल्या. सर एकटे रखडत वर गेले.

मोहियोद्दीन गाडी बंद करून उभा राहिला. तीस वर्षांत त्याने असा आवाज शंभरदा ऐकला होता. पण आपल्या हातच्या हेडमधून नव्हे.

"बाई, सर चढाला कोन्ता गिअर टाकत्यात?"

"चौथा."

"आन् मग?"

"मग काय? मग मी उतरते." बाईंनी घाम पुसला. "गिअर खाली घेतला की पेट्रोल जास्त जातं म्हनत्यात. मी सांगून दमले, भाई. मास्तरला कोन शिकवनार?"

मोहियोद्दीनने किक मारून आपली गाडी पुन्हा चालू केली. गाडीची नळी न् नळी त्याने तपासली होती. चढावर सर गिअर बदलतात का, हे विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं.

"बसा," तो म्हणाला.

"तुमच्या गाडीवर?"

"मी शब्द दिला व्हता, उतरनार न्हाईत म्हनून. चर्चच्या दारापत्तूर तरी पाळू द्या."

बाई बसल्या. त्याने दुसरा गिअर टाकला. अर्ध्या चढावर त्यांनी सरांना मागे टाकलं, तेव्हा बाईंनी सरांकडे पाहिलंसुद्धा नाही. चर्चच्या दारात त्या उतरल्या तेव्हा साडीची घडी जागेवर होती आणि श्वास लागलेला नव्हता. दारात उभ्या असलेल्या माहेरच्या लंकाबाईंनी आधी त्यांच्याकडे, मग खालून येणाऱ्या सरांकडे पाहिलं.

"अगं बया, आज तू म्होरं?"

"हे मोहियोद्दीनभाई. सावेडीला हेडचं काम करत्यात," स्टेलाबाई म्हणाल्या. "लई गुन हाय हातात." आणि आत जाऊन पहिल्या रांगेत बसल्या.

त्या वाडीतून पुढच्या आठवड्यात हेडच्या कामाला तीन गाड्या आल्या. मोहियोद्दीनच्या स्वतःच्या गाडीचं हेड कंपनीचं आहे. ते त्याने आजवर एकदाही उघडलेलं नाही.