पहिला फटका वहिनींचा

मुलांनो, कल्पना करा, कुणीतरी तुमच्या हातात बांबू दिला आहे. पायाशी एक माणूस पडलाय. त्याचा एक डोळा सुजून मिटलाय, पुढचे दोन दात पडलेत आणि उरलेल्या डोळ्याने तो तुमच्याकडेच बघतोय. भोवती शंभर माणसं आहेत. सगळ्यांची नजर तुमच्या हातावर. काय कराल? घाई करू नका. सोनूबाईंनाही लगेच सुचलं नव्हतं.

"मारा वहिनी," गुणाजी म्हणाला. "पहिला फटका तुमचा. मग आम्ही बघतो साल्याला."

कांजूरमार्गच्या त्या वस्तीत पहिला मान नेहमी सोनूबाईंचा. रतनदादांच्या बायको ना त्या! जयंतीला पहिली मेणबत्ती त्यांनी लावायची, वाचनालयाची फीत त्यांनी कापायची. बोलायचं मात्र दादांनी. वस्तीसाठी दादा वीस वर्षं लढले, सात वेळा तुरुंगात गेले. तेवढी वर्षं सोनूबाईंनी अंधेरीच्या स्टुडिओत, कपडेपटात इस्त्री करून घर चालवलं. एका मोर्चात लाठीने त्यांचं उजवं मनगट मोडलं आणि वाकडंच सांधलं. मग त्या डाव्या हाताने इस्त्री करायला शिकल्या. "तुमची क्रांती निघाली की तिला सांगा, येताना गॅसचा सिलिंडर घेऊन ये," असं त्या नवऱ्याला चिडवायच्या.

काल सकाळी बुलडोझर आला. बिल्डरचे रखवालदार काठ्या घेऊन धावले, वस्तीतून दगड सुटले. त्या धुमश्चक्रीत दादांच्या कपाळात दगड बसला. आज दुपारी दवाखान्यातून निरोप आला, दादा गेले. तासाभरात पोरांना धोंडू सापडला. तो बिल्डरचा रखवालदार. पाय मोडल्यामुळे पळता आलं नाही, म्हणून नाल्याकाठच्या पडक्या संडासात कालपासून लपून होता.

"मी नाय मारलंय तेंका, बाय," धोंडू रडत होता. "पोटासाठी उभो रवतंय मी."

"गप रे!" गुणाजीने त्याच्या मोडक्या पायावरच लाथ घातली. धोंडू गुरासारखा ओरडला. मागून कुणीतरी म्हणालं, "पेट्रोल आणा यार, कशाला टाइमपास?"

खरं काय ते सोनूबाईंना ठाऊक होतं. काल बुलडोझरकडे पाठ करून, वस्तीकडे तोंड करून दादा ओरडत होते, "दगड नको! टाका खाली!" आणि दगड समोरूनच आला. वस्तीतून. बुलडोझरवर नेम धरलेला, प्रितमच्या हातून सुटलेला. ज्याला दादांनी स्वतःच्या ताटात जेवू घालून लहानाचा मोठा केला, तो प्रितम. सोनूबाईंनी पाहिलं, आणि त्यांचा पदर धरून उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या नीलमनेही पाहिलं. रात्री मायलेकी त्यावर एक शब्द बोलल्या नव्हत्या.

आता गप्प राहावं, तर हा माणूस जळणार. नाव घ्यावं, तर प्रितमचे तुकडे होणार.

त्यांनी बांबू खाली टाकला.

"याने नाही मारलं."

"काय बोलताय वहिनी!"

"गुणाजी, तू होतास ना तिथे? नीलमच्या पप्पांचं तोंड कुणीकडे होतं?"

"आपल्याकडे. थांबा म्हणत होते."

"आणि जखम कुठे झाली?"

गुणाजीचा हात आपसूक स्वतःच्या कपाळाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"दगड आपल्यातून आला," सोनूबाई म्हणाल्या. "कुणाचा, ते विचारू नका. मारून टाकलंत तरी सांगणार नाही."

मग मागून आवाज आला, "बिल्डरने विकत घेतली हिला!" वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कुणी 'हिला' म्हणालं होतं. त्या आवाजापाठोपाठ फरशीचा तुकडा आला आणि त्यांच्या भुवईवर फुटला. रक्त गालावरून पदरात उतरलं. सोनूबाई पडल्या नाहीत. सावकाश खाली बसल्या आणि धोंडूच्या डोक्यावर ओणव्या झाल्या.

"मारा आता," त्या म्हणाल्या. "पहिला मान माझा ना?"

कुणी हललं नाही. प्रितम पार मागे, नळापाशी उभा होता.

तेव्हा नीलम पुढे आली. गुणाजीसमोर जाऊन तिने हात पुढे केला.

"काका, द्या."

गुणाजीने लोखंडी सळई दिली. तिने ती आईजवळ नेऊन ठेवली. मग दुसऱ्याकडे गेली, त्याने वीट दिली. तिसऱ्याने मान वळवली, तर ती तिथेच उभी राहिली, तो देईपर्यंत. अशी एकेक करत ती गर्दीतून मागे मागे गेली, नळापर्यंत.

प्रितमच्या हातात काहीच नव्हतं. तरी ती त्याच्यासमोर हात पसरून उभी राहिली.