आधी सारवण, मग फवारणी

मित्रांनो, मी एक जुना पितळी फवारणी पंप आहे. काही जण मला पिचकारी म्हणतात, त्याचा मला भारी राग येतो. सातासमुद्रापार एका कारखान्यात मी घडलो. जगातून हिवताप हटवायचा असं मोठमोठ्या देशांनी ठरवलं आणि डीडीटीच्या पिंपांबरोबर मलाही बोटीत चढवलं. १९५६ साली मी खानदेशात चोपड्याला उतरलो. कुठल्या गावात कुठल्या तारखेला फवारायचं, त्याचा छापील तक्ताही वरून आला होता.

चैत्रात आम्ही सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी गेलो. लोटन हा फवारणीवाला नळी धरायचा, त्याचा जोडीदार माझा दांडा मारायचा. भिंतीवर औषध टिकलं, तर तिथे बसणारा डास मरतो. मी एकही घर सोडलं नाही आणि मनातल्या मनात फुशारलो.

पण भाद्रपदात हिवताप आलाच. त्याच गावातल्या भिकुबाईची लेक प्रमिला बाळंतपणाला माहेरी आली होती. एक दिवसाआड दुपारी तिला हुडहुडी भरायची. त्या तापात तिच्या पोटातलं बाळ गेलं. औषध खोटं आहे, असं सगळं गाव म्हणू लागलं. मला फार वाईट वाटलं.

लोटनला चैन पडेना. तो भिकुबाईच्या घरी गेला आणि त्याने भिंत नखाने खरवडली. वर शेणामातीचा थर होता, खाली पांढरं औषध.

"आखाजीले पोर माहेर येस, भाऊ," भिकुबाई म्हणाली. "भितीसवर पांढरा डाग कशा ठेवू? मी बठ्ठं सारी टाकं."

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. त्याआधी, म्हणजे आमच्या फवारणीनंतर लगेच, घरोघरी भिंतींचं सारवण होतं. हे आमच्या तक्त्याला कुठून ठाऊक असणार?

भिकुबाईने खरवडलेल्या जागी बोट फिरवलं. "म्हणजे मीच दवाई दाबी टाकी?"

"तुमनी चुकी नही, अक्का. आम्हीच इचारं नही," लोटन म्हणाला.

त्याच हिवाळ्यात प्रमिलाला पुन्हा दिवस गेले. चैत्र लागताच लोटन मला खांद्यावर टाकूनच जळगावच्या हिवतापाच्या कचेरीत गेला आणि फवारणी सारवणानंतर ठेवा म्हणाला.

"तारखा वरून येतात," साहेब म्हणाले. "आखाजीसाठी पिंपं अडवून ठेवू?"

"साहेब, शेणाखाली गेलेलं औषध कुणाच्या कामाचं?" लोटन जागचा हलेना. शेवटी साहेबांनी सारवणासाठी आठ दिवस दिले, एकही जास्त नाही.

त्या आठ दिवसांत भिकुबाईने सारवण आताच उरका म्हणत गल्लीन् गल्ली पालथी घातली. कुणी कुरकुरलं, तर ती स्वतःच पोतेरं घेऊन त्यांच्या ओट्यावर बसायची. नवव्या दिवशी आम्ही पोहोचलो, तेव्हा घरन् घर सारवून वाळलं होतं. मी पण जिद्दीला पेटलो. एक कोपरा सोडला नाही. आखाजीला आलेल्या लेकींनी पांढरे डाग पाहून नाकं मुरडली, पण भिकुबाईने कुणालाच पोतेऱ्याला हात लावू दिला नाही.

भाद्रपद आला. लोटन चौकशीला गेला, तेव्हा मी त्याच्या खांद्यावर होतो. दुपारची, गेल्या साली हुडहुडी भरायची तीच वेळ होती. दिवस भरत आलेल्या प्रमिलाजवळ भिकुबाई गोधडी घेऊन बसली होती. रोज बसायची, म्हणे.

"माय, ती गोधडी ठेवी दे," प्रमिला म्हणाली. "माले उकडस."

भिकुबाई गोधडीत तोंड खुपसून रडली.

आता नवे पंप आले आहेत. माझं कातडी वायसर झिजलं आहे, तरी लोटन मला धुऊनपुसून ठेवतो. मित्रांनो, औषध जगातून कुठूनही येऊ द्या. पण ज्या भिंतीवर ते मारायचं, ती भिंत सारवणाऱ्या बाईला आधी विचारा.