चिमट्याखाली राहिलेली दुरुस्ती

मी एक जुना पुठ्ठा आहे. परीक्षेला जाताना मुलं काखेत मारतात ना, वर पत्र्याचा चिमटा असलेला, तोच. दुकानात मला ‘पॅड’ म्हणून मागतात. मागू देत बापडे. पॅड म्हटल्याने काही पुठ्ठ्याचं सोनं होत नाही. माझे चारही कोपरे झिजलेत, पाठीवर चहाचे डाग आहेत. चिमटा मात्र अजून असा आहे की बेसावध बोट सापडलं तर आई आठवेल. मित्रांनो, मला लाडीगोडी जमत नाही. जे घडलं ते सांगतो, आणि ते ऐकायला गोड नाही.

लाकडाचा भुसा शिजवून, लगदा करून, दोन तापलेल्या पाट्यांमध्ये दाबून मला बनवलं. दाब म्हणजे काय हे मला जन्माच्या दिवशीच कळलं. पुढे परीक्षेच्या दिवसांत एका शाळकरी मुलीने मला विकत घेतलं आणि कर्कटकाने माझ्या पाठीवर आपलं नाव कोरलं. दुखलं, पण अभिमानही वाटला. गणिताच्या पेपरला तिचा हात घामाने ओला झाला होता, तरी मी कागद हलू दिला नाही. मुलगी पास झाली. श्रेय तिचंच, पण थोडं माझंही आहे!

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा मी तिच्या पेटीत तळाशी होतो. तिचा नवरा छापखान्यात प्रुफं तपासायचा. लोकांनी लिहिलेलं पुस्तक छापण्याआधी वाचायचं आणि लाल पेनाने चुका काढायच्या, हे त्याचं काम. मला बघताच त्याचे डोळे चमकले.

“हा मी घेऊ?”

“घ्या, पण परत द्यायचा हं.”

तो आजतागायत परत दिलेला नाही. नवऱ्यांचं असंच असतं. पुढे सगळं जग त्यांना काका आणि तिला काकू म्हणू लागलं, म्हणून मीही तसंच म्हणतो.

काकांनी आयुष्यभर माझ्यावर प्रुफं तपासली. कानामात्रेची चूक त्यांच्या नजरेतून सुटली असं कधी झालं नाही. ‘तो मेला’ आणि ‘तो, मेला!’ यातल्या स्वल्पविरामावरून त्यांनी एकदा लेखकाशी तासभर भांडण केलं होतं. हळूहळू ते स्वतःही मुलांसाठी गोष्टी लिहू लागले. गुडघ्यावर मी, माझ्यावर कागद, आणि समोर काकू भाजी निवडत बसलेल्या. पान लिहून झालं की ते आधी काकूंच्या हातात जायचं. काकू फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण वाचणाऱ्या पक्क्या होत्या. कंटाळा आला की समासात पेन्सिलने लिहायच्या, ‘इथं झोप आली’. काका चिडायचे, घरभर फिरायचे आणि मग तो परिच्छेद मुकाट्याने खोडायचे. सहा पुस्तकं अशी झाली. मुलांची पत्रं यायची, तीही माझ्याच चिमट्यात अडकवली जायची. ते माझे सुखाचे दिवस होते. तेव्हा मला ते रोजचेच वाटले.

सातव्या पुस्तकाला चार वर्षं लागली. चारशे पानांची कादंबरी होती. काका सत्तरी ओलांडून गेले होते आणि हे आपलं शेवटचं, असं त्यांनी काकूंना सांगून टाकलं होतं. छापखान्याचे जुने मालक तोवर गेले होते. गादीवर त्यांचा मुलगा बसला होता, सगळे त्याला धाकटे मालक म्हणत. काकांनी कादंबरी माझ्या चिमट्यात लावून मला त्याच्याकडे वाचायला ठेवलं आणि महिन्याने ते उत्तर ऐकायला गेले.

“काका, कादंबरी झकास झालीय! हातातून खाली ठेववेना,” धाकटे मालक म्हणाले.

साफ खोटं. तिसाव्या पानानंतरची पानं जशी दिली तशीच एकमेकांना चिकटलेली होती. माझ्यावरच तर होती ती.

“पण काका, तुम्ही कुठे दिसतच नाही.”

“अहो, मी तर रोज घरीच असतो.”

“तसं नाही हो! नेटवर. हल्ली आधी लेखक बघतात, मग पुस्तक. रोज काहीतरी टाका. दहा हजार लोक जोडले गेले की दुसऱ्या दिवशी छापायला घेतो. शब्द देतो.”

“आणि नाही जमले तर?”

“मग पुढच्या वर्षी बघू.”

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पुढचं वर्ष दाखवणं म्हणजे काय, हे त्या मुलाला कळलं नसावं. काका मला काखेत मारून घरी आले.

दुसऱ्या दिवसापासून माझी नेमणूक बदलली. स्वयंपाकघरात उजेड चांगला, म्हणून तिथल्या टेबलावर मला साखरेच्या डब्याला टेकवून उभं केलं आणि माझ्या चिमट्यात मोबाइल अडकवला. ज्या चिमट्याने आयुष्यभर कागद धरला, त्यात आता ही काच! काका समोर बसायचे आणि घसा खाकरून म्हणायचे, “नमस्कार वाचकहो.” एवढं म्हटलं की पुढचं विसरायचे. काकूंनी मिक्सर लावायचा नाही, कुकर चढवायचा नाही, नळ सोडायचा नाही. त्यांना त्या सुमारास खोकला लागला होता. तो कुकरसारखा बंद करता येत नव्हता.

“अगं, जरा बाहेर जाऊन खोक ना! परत पहिल्यापासून करावं लागतं.”

काकू पदर तोंडाला लावून गॅलरीत जायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. मला मात्र दाराआडूनही ऐकू यायचं.

दोन महिने झाले आणि जोडलेले लोक झाले तीनशे बारा. दर सोमवारी धाकट्या मालकांचा फोन यायचा. “काका, सातत्य हवं! ज्ञान नका देऊ, मनातलं द्या. घरातलं द्या. लोकांना माणूस हवाय.”  ज्यांनी उभ्या आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही, ते ओळखीच्या वाण्यालासुद्धा “तेवढं जोडून घ्या हो” असं म्हणू लागले. मला लाज वाटायची, पुठ्ठा असून.

मग एके दिवशी काकूंची बहीण पाय घसरून पडली. तिचं करायला कुणी नव्हतं, म्हणून काकू पंधरा दिवसांसाठी तिच्याकडे निघाल्या. निघताना दारात म्हणाल्या, “येते हं. डब्यात लाडू आहेत, आणि त्या मोबाइलपायी जेवण विसरू नका.” घराबाहेर पडताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं, हे त्यांनी कधी चुकवलं नाही.

दार बंद झालं. काका टेबलाशी आले. रोजचं काहीतरी टाकायचं होतंच. सवयीप्रमाणे त्यांनी आधी कागदावर लिहिलं. चारचौघांत काकूंचं नाव ते घेत नसत, ‘ही’ म्हणत. त्यांनी लिहिलं, “आज सकाळी ही गेली. घर खायला उठलंय. चहाचा दुसरा कप ओट्यावर तसाच आहे. चाळीस वर्षांत इतकी शांतता ऐकली नव्हती.” अक्षर न् अक्षर खरं होतं. मग ते त्यांनी मोबाइलवर उतरवलं आणि आंघोळ, पूजा उरकायला गेले.

परत येईपर्यंत मोबाइल माझ्या चिमट्यात थरथरत होता. एकाने दुसऱ्याला पाठवत ते कुठल्या कुठे पोचलं होतं, शेकडो लोकांनी लिहिलं होतं. काकांचा चेहरा आधी खुलला. आपलं एकटेपण लोकांना समजलं, असं त्यांना वाटलं असावं. मग चष्मा लावून ते वाचू लागले. ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ ‘काका, सावरा स्वतःला.’ ‘काकूंच्या आत्म्यास शांती लाभो.’

“अरे देवा!” काकांनी सकाळचा कागद परत वाचला. दुसऱ्यांच्या वाक्यातले असले घोळ ज्यांनी हजारदा पकडले, त्यांच्याच हातून हा सुटला होता.

त्यांनी ताबडतोब कागद घेतला आणि लिहिलं, “दुरुस्ती. माझी पत्नी सुखरूप आहे, बहिणीकडे गेली आहे. माझ्या वाक्यरचनेमुळे गैरसमज झाला, क्षमस्व.” तो कागद माझ्या चिमट्याखाली लावला आणि मोबाइलवर उतरवायला घेतला, तेवढ्यात फोन वाजला. धाकटे मालक रडवेल्या आवाजात म्हणाले, “काका, धीर धरा...”

“अहो, ती बहिणीकडे गेलीय! धडधाकट आहे!”

 पलीकडे हसू फुटलं. मग आवाज बदलला.

“काका, आकडा बघितलात? चार हजार झाले! दोन तासांत!”

“मी आत्ता दुरुस्ती टाकतोय.”

“टाका की. मी कुठे नको म्हणतोय? फक्त दोन दिवस थांबा. तुम्ही एक तरी अक्षर खोटं लिहिलंय का? लोकांनी चुकीचं वाचलं, त्याला तुम्ही काय करणार? दोन दिवस, काका. पुस्तकासाठी.”

काकांनी फोन ठेवला. ते माझ्याकडे बघत होते, म्हणजे त्या कागदाकडे. मी मनात म्हटलं, उचला. उचला ना! त्यांनी मोबाइल परत माझ्या चिमट्यात सरकवला. दुरुस्ती त्याच्या मागे झाकली गेली.

इथवर ती चूक होती, मित्रांनो. चूक कुणाच्याही हातून होते. पण दोन दिवसांनी आकडा सात हजारांवर अडला आणि धाकटे मालक म्हणाले, काकूंच्या एकदोन आठवणी लिहा, सुंदर होईल. काकांनी लिहिल्या. समासातल्या ‘इथं झोप आली’बद्दल लिहिलं. फार सुंदर लिहिलं. लिहिताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते माझ्यावर पडलं. पहिलंच वाक्य होतं, “ही माझी पहिली वाचक होती.” ‘आहे’ नाही, ‘होती’. इथे वाक्यरचनेचा घोळ नव्हता. प्रुफं तपासणाऱ्या माणसाला ‘होती’चा अर्थ मी पुठ्ठ्याने सांगायला नको. आणि दहा हजारांचा आकडा त्या ‘होती’ने पार केला.

काकू नवव्या दिवशीच परत आल्या. बहिणीच्या शेजारणीने मोबाइलवर वाचलं होतं आणि दारात काकूंना बघून ती किंचाळली होती. काकूंनी पिशवी खाली ठेवली, पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत.

“अहो, मी कधी गेले?”

काकांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

“‘येते’ म्हणून निघाले होते मी.”

त्यांनी टेबलावरून मला उचललं, मोबाइल काढून बाजूला ठेवला. चिमट्याखालचा कागद त्यांना दिसला. उभ्यानेच त्यांनी तो दोनदा वाचला.

“हे त्याच दिवशी लिहिलं होतंत?”

“हो.”

“मग?”

“धाकटे मालक म्हणाले, दोन दिवस थांबा. मग... आत्ता टाकतो. आत्ताच्या आत्ता.”

“आता टाकलंत तर लोक शेण घालतील तोंडात. पुस्तकही जाईल आणि अब्रूही.” काकू खुर्चीवर बसल्या. खोकल्याची उबळ आली, ती त्यांनी बऱ्याच वेळाने आवरली. “राहू द्या. चार वर्षं घातलीत तुम्ही त्यात. पुस्तक येऊ दे, मग सांगा काय ते.”

त्या असं म्हणाल्या आणि काकांनी ऐकलं. ऐकायला नको होतं. माणूस रागावून काय म्हणतो आणि दुखावून काय म्हणतो, यातला फरक चाळीस वर्षांच्या संसारात कळायला हवा होता.

बहिणीला आणि तिच्या शेजारणीला काकूंनी फोन करून कुठे बोलू नका म्हणून सांगितलं, आणि त्यानंतर ते घर विचित्र झालं. बेल वाजली की काकू आतल्या खोलीत जायच्या. सांत्वनाला कुणी ना कुणी यायचं. पाहुणे बसलेले असताना खोकला आला की काकू उशीत तोंड खुपसायच्या. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर म्हणायच्या, “मेलेल्या बाईला कुठला डॉक्टर? रस्त्यात कुणी पाहिलं म्हणजे?” हसून म्हणायच्या, पण काकांना हसू यायचं नाही.

पुस्तकाची प्रुफं आली. कित्येक दिवसांनी माझ्यावर कागद लागले आणि लाल पेन फिरू लागलं. काकू समोर शाल घेऊन बसल्या होत्या, श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजत होती. पहिलंच पान अर्पणपत्रिकेचं. ते धाकट्या मालकांनी परस्पर तयार केलं होतं. मधोमध काकूंचं नाव, आणि त्याच्या आधी छापलं होतं ‘कै.’. क, वर दोन मात्रा, पुढे एक टिंब. मेलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात ते. लाल पेनाचं टोक तिथे येऊन थांबलं. इतका वेळ थांबलं की शाईचा ठिपका कागदातून उतरून माझ्या अंगाला लागला. काकू समोरून बघत होत्या.  काकांनी पान उलटलं. पुढच्या चारशे पानांत त्यांनी एकशे सहा चुका काढल्या.

पुस्तक छापून आलं तेव्हा काकू इस्पितळात होत्या. न्यूमोनिया झाला होता, आणायला फार उशीर केलात असं डॉक्टर म्हणाले. काका पुस्तक घेऊन गेले आणि मलाही घेऊन गेले, कारण काकूंना पडल्या पडल्या पुस्तक टेकवायला काहीतरी हवं होतं. काकूंनी पुस्तक उघडलं, आपलं नाव पाहिलं, त्याच्या आधीचं ते अक्षर पाहिलं. बोटाने ते झाकून नाव परत एकदा वाचलं.

“छपाई छान झालीय हो,” त्या म्हणाल्या.

चौथ्या दिवशी काकू गेल्या.

काकांनी घरी येऊन कागदावर लिहिलं, “काल ही गेली.” तो कागद माझ्या चिमट्यात लावला. पुढे तो कुठेच गेला नाही. कुणाला कळवणार? जगाच्या लेखी काकू केव्हाच गेल्या होत्या, सगळ्यांनी हळहळून झालं होतं. त्या दिवशी दारावर कुणी आलं नाही. फक्त धाकट्या मालकांचा फोन आला, पुस्तक जोरात चाललंय म्हणून. तो काकांनी उचलला नाही. आता त्या अर्पणपत्रिकेत एकही चूक उरलेली नाही. काका रोज ते पान उघडून बसतात, हातात लाल पेन असतं. लिहिणं थांबलं आहे.

मित्रांनो, अशा आत्मकथेच्या शेवटी आम्ही वस्तू म्हणतो, आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. मला खुशाल टाका. माझं एवढंच सांगणं आहे की तुमच्या हातून कुणाबद्दल चुकीचं लिहिलं गेलं, तर त्याच घटकेला उठून ते सुधारा. कुणी कितीही गळ घातली तरी थांबू नका. आमच्या घरात दोनच दिवस थांबायचं ठरलं होतं.