तक्त्यात नसलेला मुद्दा

जावयाने तक्ता आणला होता, आणि तोही रंगीत.

खरं तर टीव्हीवरचे कार्यक्रम साठवून ठेवणारा एक डबा काढायचा आणि दुसरा लावायचा, एवढीच काय ती गोष्ट. पण जावई पंपांच्या कारखान्यात खरेदी विभागात होता. तीन ठिकाणचे भाव मागवून ते शेजारी शेजारी मांडल्याशिवाय त्या माणसाला साधी टाचणी घेता येत नसे. आपल्या तान्ह्या मुलीसाठी ढकलगाडी घेताना त्याने तीन दुकानांत रिकाम्या गाडीला पाच पाच फेऱ्या मारल्या होत्या, तेव्हा तिसऱ्या दुकानदाराने मुलाला बोलावून याच्यावर नजर ठेवायला सांगितलं होतं. तरी माणूस लाखात एक. सासऱ्याच्या घरातला नळ गळू लागला तर शेजाऱ्याआधी हा हजर.

सासरे म्हणजे मिस्त्री. बस डेपोत चौतीस वर्षं त्यांनी इंजिनं दुरुस्त केली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, बायको जाऊन तीन, पण अजून सगळी गल्ली त्यांना मिस्त्रीच म्हणते. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते एकटे राहतात आणि स्वयंपाक ठीक करतात.

"हे बघा बाबा," जावयाने तक्ता टेबलावर पसरला. "डावीकडे केबल कंपनीचा रेकॉर्डर, उजवीकडे हा बाजारातला. केबलवाल्यांचा म्हणजे भाड्याचं घर. महिन्याच्या महिन्याला भाडं भरा, आणि सोडायची वेळ आली की आत साठवलेलं सगळं त्यांच्या घशात. हा आपल्या मालकीचा. जागा तिप्पट. जाहिराती एका बटणात उडतात. आवाज तर इतका स्वच्छ की विचारू नका. अकरा मुद्दे काढलेत मी. नऊ याच्या बाजूने, दोन त्याच्या."

"लग्नाआधी आमच्या मुलीचाही तक्ता केला होता का, जावईबापू?" मिस्त्रींनी विचारलं.

"तिने माझा केला होता," जावई म्हणाला. आतून मिस्त्रींची लेक हसली, पण ते हसू मिस्त्रींना फक्त जावयाच्या चेहऱ्यावर दिसलं.

जावयाने नवा डबा आठवडाभर वापरून बघायला ठेवला होता, आणि त्या आठवड्यात मिस्त्रींनी त्याच्या नावाने नुसतं नाक मुरडलं. रिमोट हातात बसत नाही. दिवा निळा आहे, डोळ्यांत जातो. जुना डबा छान गरम होतो, त्यावर पायमोजे वाळतात, हा थंडगार. जावई एवढा सरळ की त्याने खाली हाताने लिहिलं, मुद्दा बारा, दिव्याचा रंग. मुद्दा तेरा, पायमोजे. आणि दोन्ही ठिकाणी केबल कंपनीला एकेक गुण दिला.

खरा मुद्दा मिस्त्रींच्या पोटात होता आणि तो ते ओठांवर येऊ देत नव्हते. त्यांना ऐकू येत नव्हतं. अगदीच बहिरे झाले नव्हते. समोर बसून कुणी बोललं तर निम्मं कानाने आणि निम्मं ओठांवरून कळे. पाठीमागून कुणी बोललं तर मात्र नुसती गुणगुण. केबलच्या डब्यात माणसं बोलतात ते पडद्याच्या तळाशी अक्षरांत उमटे, आणि कार्यक्रम साठवला की ती अक्षरंही साठत. मिस्त्री दुपारी आवाज रीतसर चालू ठेवत, कारण शेजारी काय म्हणतील, आणि कोर्टाची मालिका थांबवत, वाचत, पुढे सरकवत बघत. नव्या डब्याने चित्र आणि आवाज तेवढा साठवला. पहिल्याच दिवशी त्यातला वकील हातवारे करत तावातावाने तोंड हलवत राहिला आणि खाली एक अक्षर नाही. मिस्त्रींना त्याक्षणी तो डबा खिडकीतून खाली टाकावासा वाटला.

सांगून टाकायला काय झालं होतं? लाज होती, नाही कशाला म्हणायचं. डेपोत त्यांच्या कानाचं नाव होतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगत, आणि उघडलं की तेच गेलेलं असे. पण लाज गिळता आली असती. अडचण वेगळीच होती. लेक दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवण्याचं काम करायची. बाळंतपणापासून घरी होती, ती पहिल्या तारखेपासून पुन्हा कामावर जाणार होती, आणि दीड वर्षाची नात सकाळी नऊ ते चार आजोबांकडे राहणार होती. मिस्त्रींनी टेबलाच्या कोपऱ्यांना रबर चिकटवलं होतं, फडताळाच्या दारांना खटके बसवले होते आणि शेजारणीकडून झोपवायच्या युक्त्या विचारून घेतल्या होत्या. बायको गेल्यापासून त्या घरात कुणी कुणाची वाट बघितली नव्हती. आता ते बघत होते. लहान पोराचं काय ऐकायचं असतं, त्याच्याकडे बघायचं असतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. समजूत चांगली होती. आपल्याला हवी ती गोष्ट असली की आपल्या सगळ्यांच्याच समजुती अशा चांगल्या असतात.

सोमवारी केबलचा माणूस जुना डबा न्यायला येणार होता. म्हणून रविवारी दुपारी जावयाने शेवटची परीक्षा ठेवली. मालिकेचा एकच भाग दोन्ही डब्यांत साठवलेला होता आणि तो पाठोपाठ लावून बघायचा होता. पण दोन्ही डबे एकदम जोडायला नव्या डब्याची वायर आखूड पडली. जावई वायर आणायला निघाला आणि लेकीला कामावर घालायला पांढरे बूट हवे होते, म्हणून तीही निघाली.

दाराशी ती वळली आणि वडिलांकडे बघून म्हणाली, "बाबा, आतल्या खोलीत झोपलीय ती. तासाभरात येतो. उठली तर दूध काढून ठेवलंय."

"जा गं तू निवांत," मिस्त्री म्हणाले.

दोघं गेली. मिस्त्रींनी आतल्या खोलीचं दार हलकेच ओढून घेतलं, टीव्हीच्या आवाजाने पोर उठायला नको म्हणून. मग जुना डबा चालू केला. मालिकेत निकालाचा दिवस होता, आणि न्यायाधीशबाई मोठमोठी वाक्यं बोलत होत्या. मिस्त्री एकेक वाक्य थांबवून वाचत होते. उद्यापासून हे नाही, असं मनात येत होतं आणि त्यामुळे ते आणखी सावकाश वाचत होते. भाग संपला तेव्हा घड्याळात पाऊण तास गेला होता.

पोर अजून कशी उठली नाही, म्हणून त्यांनी दार उघडलं.

नात जमिनीवर बसली होती, दाराला अगदी चिकटून. कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ, डोळे सुजलेले, झबलं गळ्याशी ओलंचिंब. तोंड उघडं होतं, पण त्यातून आता काही निघत असेल असं वाटत नव्हतं. मिस्त्रींनी तिला उचललं. तिच्या पाठीवर तळवा ठेवला तेव्हा हुंदके त्यांना हातात लागले, एकामागून एक, दमलेले. पोर पलंगावरून पडली होती. कधी, ते त्यांना माहीत नव्हतं. आपण आणि ती यांच्यात हे एवढंसं दार होतं, आणि ते आपणच लावलं होतं. ते तिला घेऊन खाली बसले, गार पाण्याचं फडकं तिच्या कपाळावर धरलं आणि "चुकलं, चुकलं माझं" असं पुटपुटत राहिले.

लेक आणि जावई परत आले तोवर नात आजोबांच्या खांद्यावर बिस्कीट चोखत होती. लेकीला टेंगूळ लगेच दिसलं.

"अगं बाई! पडली? कधी?"

"आत्ताच" हा शब्द मिस्त्रींच्या जिभेवर तयार होता. वर जावयाने आयतीच वाट करून दिली. "असू दे बाबा, आमच्याकडे दिवसाआड पडते ती. पलंग दिसला की उडी."

नात काही सांगू शकणार नव्हती. पहिली तारीख नऊ दिवसांवर होती. मिस्त्रींनी लेकीकडे बघितलं आणि टीव्ही बंद केला.

"कधी पडली मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी इथेच बसलो होतो. ती रडत असणार, खूप वेळ. मला ऐकू आलं नाही. मला ऐकू येत नाही."

जावई वायर हातात धरून उभाच राहिला. मिस्त्रींनी सगळं सांगितलं, जुन्या डब्यातल्या अक्षरांसकट. लेक मुलीला छातीशी घट्ट धरून ऐकत होती.

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं होतील."

"आणि मी हिला रोज सात तास तुमच्यावर सोपवणार होते. सांगणार नव्हतात?"

"नव्हतो."

"ती पहिल्या तारखेला इथे येणार नाही, बाबा," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला होता, ते त्यांना तिच्या गळ्याच्या शिरांवरून कळलं. "मी सुट्टी वाढवून घेईन. आधी कानाचा डॉक्टर, मग मशीन, मग बघू."

मिस्त्रींनी मान हलवली. लागलं ते, पण चूक म्हणावं असं त्यात काही नव्हतं. जावई हळूच समोर येऊन बसला आणि तोंड त्यांच्याकडे करून म्हणाला, "बाबा, अक्षरांचं माझ्या डोक्यातच आलं नाही हो. मी वेडा, आवाजाला दोन गुण देऊन बसलो. जुना डबा राहू दे. उद्या त्यांना येऊ नका म्हणून कळवतो."

तेवढ्यात लेकीच्या कपाळाला आठी पडली. "पण आपण रोज संध्याकाळी फोनवर बोलतो!"

"तू बोलतेस," मिस्त्री म्हणाले. "मी अंदाज करतो. तुझा सूर हलका वाटला की छान म्हणतो. जड वाटला की बघू म्हणतो. मग मीच काहीतरी सांगत सुटतो, म्हणजे ऐकायला लागत नाही."

लेकीने जावयाकडे बघितलं आणि जावयाने मान खाली घातली.

"चार महिन्यांपूर्वी," ती म्हणाली, "मी तुम्हाला दवाखान्यातून फोन केला होता."

"केला असशील."

"मी सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात, छान, छान. आणि त्या मालिकेतल्या वकिलाचं सांगायला लागलात." तिचे ओठ थरथरत होते आणि त्यांना वाचायला अवघड जात होतं. "मी रडू नये म्हणून हसत हसत बोलत होते, बाबा. तुमच्या जिवाला घोर नको म्हणून. आणि नंतर चार महिने मला वाटत राहिलं, बाबांना कशाचं काही नाही. आई असती तर धावत आली असती, असं मी यांना कितीदा म्हटलं."

"काय सांगितलं होतंस तू?"

तिने मुलीला जावयाच्या हातात दिलं. स्टूल ओढून ती वडिलांच्या अगदी समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, आणि डोळे पुसले.

"मला दुसरं बाळ होणार होतं. तिसऱ्या महिन्यात गेलं."

मिस्त्रींना 'बाळ' ऐकू आलं. पुढचं त्यांनी तिच्या ओठांवर बघितलं आणि त्यांचा त्यावर विश्वास बसेना. दोन वर्षांत त्यांनी असं कितीतरी अर्धं सोडून दिलं होतं आणि उरलेलं मनाने भरून घेतलं होतं.

"गेलं?" त्यांनी विचारलं.

लेकीने मान हलवली.

मिस्त्रींनी तिचे दोन्ही हात धरले. त्यांना रडू येत होतं, पण डोळे भरले तर तिचे ओठ दिसणार नाहीत म्हणून ते बाहीने पुन्हा पुन्हा डोळे पुसत होते.

"मला पहिल्यापासून सांग," ते म्हणाले. "हसू नकोस. सावकाश सांग. कळलं नाही तर मी पुन्हा विचारेन, अंदाज करणार नाही."

आणि बाळ गेलं त्या बुधवारच्या सकाळपासून लेक सांगू लागली.