कोरडा कोयता

दसऱ्याच्या सकाळी देवीच्या देवळापुढच्या पटांगणात पन्नासेक कोयते ओळीनं मांडले होते आणि भोवती गावातली अख्खी मधली पाखाडी श्वास रोखून उभी होती. मधोमध शिंपणबुवा. एका हातात तांब्याचा कमंडलू, दुसऱ्यात दर्भाची जुडी, कमरेला लोखंडी चिमटा. जुडी बुडवायची, झटकायची आणि काहीबाही पुटपुटायचं, एवढ्या कामावर हा गडी आठ दिवस तूपभात चापत होता.

"आई कुणाचं नाव घ्यायची नाही," बुवा गरजला. "आई लोखंडाला बोलतं करील. ज्या घरात चेटूक, त्या घरच्या कोयत्याला रक्त फुटेल. निर्मळ माणसाला माझं तीर्थ म्हणजे नुसतं पाणी."

कडेला उभ्या सगुणेच्या डोक्यात तिडीक गेली. श्रावणात पाखाडीतल्या सगळ्या पोफळींची कोवळी सुपारी कुजून गळली, बागाबागांत नुसता सडा पडला. टिकली ती हिच्या एकटीच्या बागेतली. झालं. विधवा बाई, नवरा रघू पोफळीवरून पडून गेलेला, वर तिची सुपारी झाडावर. आणखी काय पाहिजे? आज तिच्या कोयत्याला रक्त फुटलं की तिला पाखाडीबाहेर काढायचं, हे कालच ठरलं होतं. बाग तिचा चुलत दीर अंबाजी बघणार होता. बघणारच, त्याच्या बांधाला लागून होती ना!

शिंपडणं तिला काय नवं होतं? अंगणात पहाटे सडा शिंपायची ती. रघूच्या सुतकानंतर घरभर गोमूत्र शिंपडलं तेही तिनंच. फक्त लग्नात गुलाबपाणी शिंपडायला लागले की तिला मागं सरायला सांगत.

बुवा एकेका कोयत्यावर जुडी झटकत चालला. पाणी पडे, मोत्यासारखं घरंगळे, काही होत नसे. मालक सुटल्यासारखा नमस्कार करी. ओळीच्या टोकाला सगुणेचा कोयता. त्यावर थेंब पडले, पात्यावर पसरले आणि बघता बघता तिथं तांबडे डाग उमटले.

"रक्त," कुणीतरी कुजबुजलं. बायांनी पोरं पदराखाली घेतली.

"सगुणा," अंबाजी म्हणाला, "आता बोलायला जागा न्हाय. सांजच्याला बोचकं बांध."

सगुणा खाली बसली. डागावर बोट फिरवलं. हा रंग तिनं आधी पाहिला होता. ती ताडकन उठली आणि अंबाजीपुढं जाऊन उभी राहिली.

"भावजी, तुमचा कोयता द्या."

"माझा कशाला?"

"द्या म्हणते ना."

तिनं तो हिसकावून घेतला. पात्यावरचं तेल-शेंदूर नैवेद्याच्या चुलीतल्या राखेनं घासघासून काढलं, पाण्यानं धुतलं, पदरानं पुसलं. मग बुवाच्या हातातली जुडी ओढून घेतली आणि कमंडलूत बुडवून त्या कोयत्यावर झटकली. अंबाजीच्या पात्यावर तांबडे डाग फुटले.

"बघा, भावजी बी चेटूक करत्यात," सगुणा म्हणाली. "आन् आता बुवांचा चिमटा."

"आईचा कोप होईल," बुवा चिमटा पाठीमागं नेत म्हणाला. पण म्हातारी चंद्राबाई खमकी. तिनं तो काढून घेतला, राखेनं घासला, पुढं धरला. दोन झटके. चिमटाही तांबडा.

चंद्राबाईनं कमंडलू बुवाच्या पांढऱ्या उपरण्यावर उपडा केला. उपरणं निळं झालं.

"मोरचूद," सगुणा म्हणाली. "अलिबागेहून शेतकी खात्याचा माणूस आला व्हता, तवा तुम्ही त्याला हाकललात. देवाच्या झाडावर निळं पाणी नको म्हणालात. मी ऐकलं त्याचं. मोरचूद आन् चुना लाकडी पिंपात कालवायचा, पावसाआधी पोफळीवर फवारायचा. माझा गडी शिवदास वर चढायचा, मी खाली पंप मारायची. तयार औषधात घासलेली सुरी धरायची. सुरी लाल झाली तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. ह्या बुवाच्या तीर्थात चुना न्हायच. मोरचुदातलं तांबं उघड्या लोखंडावर बसतं. ह्येच ते रक्त."

"मग आमचे कोयते?" मागून कुणी विचारलं.

"काल खंडेनवमी व्हती. सगळ्यांनी कोयत्याला तेल लावलं, पूजा केली. तेलावर पाणी ठरतंय व्हय? माझा कोयता मात्र कोरडा. विधवेनं हत्यार पुजायचं न्हाय, ह्यो नियम कुणाचा? तुमचाच. बुवाला तो ठाऊक व्हता."

सगळे खाली बघायला लागले. बुवा तेवढ्यात गर्दीतून सटकत होता. चंद्राबाईनं त्याला निळ्या उपरण्याला धरून चव्हाट्यावर बसवलं.

अंबाजी तेलाची वाटी घेऊन आला. "घे, लाव तुझ्या कोयत्याला."

"नगं," सगुणा म्हणाली. "सुपारी वाचवायची असंल तर वैशाखात लाकडी पिंप घेऊन या. तेल तुमचं तुम्हाला."

बुवा त्या दिवशी पाखाडीतून गेला. त्याच्यासारखे पुन्हा येतील. शहाण्यांनो, तो कोणत्या कोयत्यावर काय शिंपडतो ते नंतर बघा. आधी एवढंच विचारा, की ह्या ओळीतला एकच कोयता कोरडा कुणी ठेवला?