बिनदोऱ्याचा पेन ड्राइव्ह

दुकानाचं शटर वर ढकलता ढकलता धाकटी म्हणाली, "ताई, आज लॅपटॉप साफ करून टाकते. नवीन सिस्टिम घालते." थोरलीच्या मनात बरेच दिवस दबा धरून बसलेली शंकेची पाल पुन्हा चुकचुकली.

दोघी जावा. शिवणकामाचं दुकान दोघींचं मिळून. पण तिथं कुणाचंही काहीही शिवत नसत. ज्यांच्या अंगाला तयार कपडे कधीच बसत नाहीत, अशी माणसं तिथं यायची. कुणाची पाठ वाकलेली, कुणाला एकच हात, कुणी दिवसभर चाकाच्या खुर्चीत. त्या प्रत्येकाच्या कपड्यांचा मापाबरहुकूम खाका थोरलीनं स्वतः बेतलेला होता. आधी ते खाके कागदाचे होते आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असत. कागदांना वाळवी लागली तेव्हा धाकटीनं एकेक खाका लॅपटॉपवर चढवला आणि कागद टाकून दिले. तेव्हापासून थोरलीची सगळी कमाई त्या करड्या डबड्यात होती आणि डबडं उघडायची अक्कल धाकटीच्या बोटांत.

इतके दिवस यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण हल्ली फोन आला की धाकटी मागच्या दाराबाहेर जाऊन बोलायची. एकदा थोरली कचऱ्याची पिशवी ठेवायला गेली, तर कानावर पडलं, "नाही रे दादा, ताईंना अजून सांगितलेलं नाही." पुढचं ऐकायला मिळालं नाही, कारण पिशवी फाटली आणि चिंध्या पायरीवर पसरल्या.

काय सांगितलेलं नाही? थोरलीनं त्या रात्री नवऱ्याला विचारलं. तो उशी सारखी करत म्हणाला, "नवीन दुकान काढत असेल. तू दिवसभर टोमणे मारतेस, मी तिच्या जागी असतो तर कधीच काढलं असतं." त्याला गंमत सुचली होती. थोरलीची झोप उडाली.

मग तिनं दोन गोष्टी केल्या. लेकीला फोन करून, "सहज विचारतेय," म्हणत खाक्यांची नक्कल कशी करायची, नवे कसे चढवायचे ते शिकून घेतलं आणि एका दुपारी धाकटी बँकेत गेली असताना सगळे खाके नव्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. तो घाईघाईत इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, तर त्याच्या टोपणाला चटका बसला आणि एक कोपरा वितळून नाकासारखा पुढे आला. दुसरी गोष्ट, त्यानंतरचे नवे खाके तिनं नेहमीच्या जागी ठेवलेच नाहीत. 'पडदे' नावाचं एक फोल्डर होतं. पडदे शिवणं त्यांनी केव्हाच बंद केलं होतं, तिथं कोण कशाला डोकावणार? नवे खाके तिथं गेले.

दुकानात एक रीत होती. प्रत्येक वस्तूला मालकिणीचा दोरा. थोरलीचा पिवळा, धाकटीचा निळा. कात्री, टेप, चष्म्याचं घर, पाण्याची बाटली, सगळ्याला. ज्याला दोरा नाही ते दोघींचं, जिच्या हाताला लागेल तिनं वापरावं. या रीतीमुळे कात्रीवरून त्यांचं कधी वाजलं नव्हतं. थोरलीनं त्या पेन ड्राइव्हला दोरा बांधला नाही. पिवळा दोरा म्हणजे पाटीच लावल्यासारखं झालं असतं. तिनं तो फुटक्या बटणांच्या डब्यात तळाशी ढकलला.

आता धाकटी बेतायच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली होती. समोर फोन आडवा उभा केलेला, त्यावर तिच्या भावाचा चेहरा. थोरली शेजारच्या मशीनवर बसली आणि जी शिलाई आधीच घालून झाली होती तीच पुन्हा घालू लागली. तिथून लॅपटॉपचा पडदा नीट दिसत होता.

"आपले खाके?" तिनं विचारलं.

"ते मी बघते."

"बघते म्हणजे?"

"म्हणजे बघते, ताई. तुम्ही काळजी करू नका."

काळजी करू नका म्हणणाऱ्या माणसाचीच थोरलीला सर्वांत जास्त काळजी वाटायची. धाकटीनं ओढणीच्या टोकानं काहीतरी पुसलं आणि लॅपटॉपच्या कुशीत खुपसलं. थोरलीची मशीन थांबली.

वितळलेलं टोपण टेबलावर पडलं होतं. नाकासकट.

म्हणजे हिला सापडला. सापडला आणि माझ्यासमोर, माझ्या नाकावर टिच्चून लावतेय. बोलावं तर 'तो माझा आहे' म्हणावं लागणार, मग 'तुमचा कसा?', मग पुढचं सगळं. न बोलावं तर...

"आता चालू करताना ते बटण दाबत राहा," फोनमधून भाऊ म्हणाला. "सोडू नकोस, टकटक करत राहा."

धाकटी टकटक करत राहिली. पडदा काळा झाला, मग निळा. भाषा विचारली, देश विचारला, घड्याळ विचारलं. स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यासारख्या एकेक चौकशा. धाकटी उत्तरं देत गेली. शेवटी पडद्यावर एक चौकट आली. थोरलीनं चष्मा वर सरकवला. या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, असं त्यात लिहिलं होतं.

"थांब," ती म्हणाली. आवाज तिलाच परका वाटला. "तो पेन ड्राइव्ह कुठून आणलास?"

"बटणांच्या डब्यातून. ओव्हरकोटाचं मोठं बटण शोधत होते. दोरा नव्हता, म्हणून घेतला."

"आत काय आहे त्याच्या?"

"नवीन सिस्टिम. काल रात्रीच भरली."

"आणि आधीचं?"

"आधीचं पुसून जातं. पूर्ण कोरा केल्याशिवाय सिस्टिम बसतच नाही त्यावर." बोलता बोलता धाकटीनं 'हो'वर बोट दाबलं. चौकट गेली आणि एक बारीक पट्टी डावीकडून भरू लागली.

थोरली उठली ती टेप, खडू, मांडीवरची बाही, सगळं सांडत. पेन ड्राइव्हकडे तिचा हात गेला. धाकटीनं तो मनगटाशी पकडला.

"ताई, मध्येच काढलात तर धड जुनं ना धड नवं. काय झालंय?"

"माझे खाके होते त्यात." थोरली स्टुलावर बसली. "सगळ्यांचे. मी करून ठेवले होते. तुला न सांगता."

फोनमधला भाऊ खाकरला. "मी जरा चहा घेतो," म्हणाला आणि चेहरा नाहीसा झाला.

थोरलीला वाटलं, आता ही हसणार, किंवा ओरडणार. दोन्ही चाललं असतं. पण ती उठली, आपल्या मशीनचं झाकण वर केलं आणि आतून, तेलाच्या कुपीमागून, एक पेन ड्राइव्ह काढला. त्याच्या कडीत निळा दोरा होता. घट्ट, तीन गाठी मारलेला.

"यात आहेत," ती म्हणाली.

"हे कधी केलंस?"

"तुम्ही माझ्यामागे लॅपटॉप उघडायला लागलात तेव्हा. मी आले की पटकन मिटायचा. मला वाटलं, तुम्ही मला काढणार. खाके तुमचे, गिऱ्हाईक तुमचं, मी कोण? मग म्हटलं, निदान मी चढवलेलं तरी माझ्याकडे राहू दे."

"आणि ते फोन? 'ताईंना सांगितलेलं नाही'?"

"लॅपटॉप मरायला टेकलाय हे सांगितलं नव्हतं. तुम्ही घाबरून सगळे खाके पुन्हा कागदावर काढायला बसला असता."

बसले असते, हे थोरलीला पटलं. तिनं निळ्या दोऱ्याकडे पाहिलं, मग वितळलेल्या टोपणाकडे. "चोरून करायचं, तर दोरा तरी कशाला बांधायचा गं?"

"रीत आहे ना."

थोरलीला हसू आलं आणि तिनं ते नाकातून बाहेर सोडलं. पट्टी अर्ध्यावर आली होती. मग तिचं हसू जागीच विरलं.

"यात 'पडदे' आहे?"

"पडदे? ते कशाला घेऊ? पडदे शिवतो का आपण?"

थोरलीनं सांगितलं. खालमानेनं, टेबलावरचा खडू बोटानं घासत. बेकरीवाल्याचा नवा कोट त्यात होता, चाकाच्या खुर्चीतल्या बाईंची पँट होती, आणखी काही होते. धाकटीनं डोळे मिटून घेतले.

"म्हणजे जे माझ्यापासून लपवलंत, तेवढंच गेलं."

"तेवढंच," थोरली म्हणाली.

बेकरीवाला दुपारी ठरल्याप्रमाणे कोट घालून बघायला आला. कापड अजून कापलेलंच नव्हतं आणि आता खाकाही गेला होता. वर्षानुवर्षं ट्रे वाहून त्याचा डावा खांदा खाली उतरला होता आणि माप द्यायचं म्हणजे त्याला बराच वेळ हात वर धरून उभं राहावं लागे.

"मागच्या आठवड्यात तर घेतलं होतं माप," तो कुरकुरला. "हरवलं?"

"मी हरवलं," थोरली म्हणाली. "हात वर करा."

धाकटीनं टेप घेतला. तो पिवळ्या दोऱ्याचा होता, हे दोघींच्याही लक्षात आलं. धाकटीनं आकडे सांगितले, थोरलीनं लिहून घेतले आणि खांद्याचा उतार तळहातानं पुन्हा चाचपून पाहिला.

तो गेला तोवर लॅपटॉप दोनदा बंद होऊन पुन्हा उघडला होता. आता पडदा स्वच्छ होता, नव्या भिंतीसारखा. मधोमध एक रिकामी चौकट पासवर्ड मागत होती. धाकटीनं लॅपटॉप थोरलीकडे वळवला.

"तुम्ही टाका. तुम्हाला आवडेल तो." आणि तिनं खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं.

थोरलीनं एक बोट उचललं. एक अक्षर शोधलं, दाबलं. दुसरं सापडेना. खिळ्यांची भोकं अजून भिंतीवर होती आणि धाकटी त्यांच्याकडेच बघत होती, मान ताठ करून, परीक्षेला बसल्यासारखी.

"इकडे बघ," थोरली म्हणाली. "माझ्या काही लक्षात राहायचं नाही."