डब्यातला भुंगा

दोन हजार चार साली हळदीला भाव बरा मिळाला आणि वसमतच्या व्यंकटरावांनी नवा हॉल बांधला. त्यात होम थिएटर बसवायचं ठरलं. नांदेडच्या दुकानातून एक तयार रिसीव्हर चार दिवस वाजवून बघायला आला. पण घ्यायचा की नाही, ते रतनसिंग सांगणार होता.

रतनसिंग तांड्यावरचा. व्यंकटरावांचा शाळासोबती. वारंगा फाट्यावर तीस वर्षं तो हाताने अ‍ॅम्प्लिफायर जुळवत आला होता. लग्नाचा कर्णा असो की देवळाचा, त्याच्या कानावर लोकांचा भरवसा. अलीकडे मात्र गिऱ्हाईक तयार डबे घेऊ लागलं होतं. "हे काम गेलं तर दुकान बंद करतो," असं त्याने बायकोला, चंदाबाईला, सांगून टाकलं होतं.

त्याने आपला अ‍ॅम्प्लिफायर रिसीव्हरशेजारी मांडला. व्यंकटरावांची नात राजनंदिनी समोर मांडी घालून बसली.

"आजोबा, दोन्हीत फरक काय हो?"

रतनसिंगला असं कोणी विचारलं की तो हातातला पाना खाली ठेवून सांगत बसायचा. "रिसीव्हर म्हंजी एकत्र कुटुंब, पोरी. रेडिओ, आवाज वाटून देणारा, आवाज मोठा करणारा, समदे एका छपराखाली. एक आजारी पडला की समदं घर दवाखान्यात. माझ्याकडं ज्याची चूल त्याला. आवाज वाटायचं काम डीव्हीडी करील, मोठा करायचं हा डबा."

"वेगळ्या चुलीवर भांडणं कमी होत्यात व्हय?" व्यंकटरावांनी चिमटा काढला.

"तुझ्या सुनंला इचार!"

दोघेही हसले. मग दोन्हींवर तेच गाणं वाजलं. शेवटी रतनसिंगने गाणं थांबवलं, पण आपला डबा चालूच ठेवला आणि नेहमीसारखं म्हणाला, "पंखा बंद करा."

पंखा थांबला. त्याने डोळे मिटले. "बघा. चालू हाय, पर श्वास सुदिक न्हाई. ही शांतता तयार डब्यात भेटत न्हाई."

राजनंदिनीने तोंड उघडलं, तसा व्यंकटरावांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बराबर हाय रतन. तुझाच ठेवतो."

रतनसिंगला भरून आलं. बैलाच्या पाठीवर थाप द्यावी तसा त्याने स्पीकरच्या पडद्यावर तळहात ठेवला. आणि हात तिथेच थांबला. गाणं बंद होतं, तरी पडदा बारीक थरथरत होता.

ही थरथर त्याच्या ओळखीची होती. दुसऱ्यांच्या डब्यांतली हीच भुणभुण त्याने जन्मभर पकडली होती.

"राजू," तो हळूच म्हणाला, "काय ऐकू येऊन राहिलं?"

राजनंदिनीने व्यंकटरावांकडे पाहिलं.

"त्याच्याकडं बघू नको. मला सांग."

"भुंगा," ती म्हणाली. "डब्यात भुंगा हाय."

व्यंकटराव कपाळाला हात लावून बसले. "रतन, तेवढ्यानं काय होतं रे? गाण्यात कळत बी न्हाई."

"मला शांततेत बी कळलं न्हाई, व्यंकट." त्याने एकेक वायर सोडवली. "रिसीव्हरच ठेव. चांगला हाय."

दुपारी घरी आल्यावर त्याने तो डबा आपल्या स्पीकरला जोडला. त्याचा घरचा डबा चंदाबाई रोज जेवताना प्लग ओढून बंद करायची. ती वीज वाचवते, असं त्याला वाटत आलं होतं.

"घरच्या डब्यात बी भुंगा हाय ना?" त्याने विचारलं. "काहून सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं व्हतं. दोनदा." ती त्याच्या समोर येऊन बसली. "तुमची पाठ व्हती. ऐकूच गेलं न्हाई तुमाला."

त्याने पेचकस घेऊन सोबत आणलेला डबा खोलला, नवा कंडेन्सर टाकला, अर्थिंगची तार दुसरीकडे टाचली. "आता तू कान दे. गेला की सांग."

त्याने बटण दाबलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

चंदाबाईने डब्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"गेला," ती म्हणाली.

रतनसिंगचा तळहात स्पीकरवर होता. पडदा थरथरतच होता.

"व्हय," तो म्हणाला. "गेला."